बोटीवरचा कॉम्प्युटर बॅटरीपासून निवडा

वाशीच्या दुकानात लॅपटॉप पाहायला गेलात की काउंटरवरचा मुलगा आधी बजेट विचारतो, मग आय-फाइव्ह दाखवू की आय-सेव्हन. घरासाठी ही रीत ठीक आहे. पण तोच लॅपटॉप बेलापूरच्या जेट्टीजवळ नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर, करंजाहून आठ-दहा दिवसांसाठी निघणाऱ्या ट्रॉलरवर किंवा ठाण्याच्या खाडीत मुक्काम ठोकलेल्या सर्वेक्षणाच्या बोटीवर जाणार असेल, तर प्रोसेसरचा नंबर पार मागे जातो. बोटीवरचे कॉम्प्युटर वेग कमी पडला म्हणून सहसा बदलले जात नाहीत. ते मरतात. वीज वरखाली होते, खारं वारं आत शिरतं, केबिन तापते किंवा लाटेच्या हिसक्याने यंत्र खाली पडतं. म्हणून पैसे कुठे घालायचे हे ठरवताना बॅटरीपासून सुरुवात करायची आणि स्क्रीनपर्यंत यायचं.

आधी वॅट मोजा

घरात वीज भिंतीतून येते, त्यामुळे कोणतं यंत्र किती खातं याची फिकीर नसते. बोटीवर प्रत्येक वॅट बॅटरीत आधी भरावा लागतो. नेहमीचा ऑफिसचा लॅपटॉप लिखाण, ईमेल, ब्राउझर अशा कामाला १५ ते २५ वॅट घेतो. पंखा नसलेला मॅकबुक एअरसारखा लॅपटॉप ५ ते १० वॅटमध्ये भागवतो. कमी विजेचा प्रोसेसर असलेला मिनी पीसी साधारण ८ ते १५ वॅट, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ३ ते ८ वॅट. गेमिंगचा डेस्कटॉप जोरात चालला की २०० ते ४०० वॅट ओढतो. असा डेस्कटॉप बोटीवर नको, मग तो कितीही स्वस्तात मिळो.

आता एका दिवसाचा हिशोब मांडू. लॅपटॉप २० वॅट, आठ तास: १६० वॅट-तास. नकाशासाठी मिनी पीसी ८ वॅट, चोवीस तास: १९२. फोर-जी राउटर ६ वॅट, चोवीस तास: १४४. वेगळा मॉनिटर १५ वॅट, सहा तास: ९०. बेरीज ५८६ वॅट-तास. वायर आणि चार्जरमध्ये पंधराएक टक्के वाया जातात, म्हणजे सुमारे ६७५. बारा व्होल्टने भागलं की ५६ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर बसते, म्हणून नुसत्या कॉम्प्युटरसाठी आणि तेही एकाच दिवसासाठी ११२ एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, बॅटरी लागली. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप यात धरलेलेच नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे ७० एएचमध्ये काम होतं.

या बेरजेकडे पुन्हा पाहा. सगळ्यात जास्त खाणारा लॅपटॉप नाही. दिवसरात्र चालू राहणारी दोन छोटी यंत्रं मिळून निम्म्याहून जास्त वीज खातात. म्हणून बोट नांगरावर असताना नकाशाचा पीसी बंद ठेवावा आणि नांगर सुटला तर वाजणारा अलार्म जुन्या फोनवर लावावा. राउटर झोपताना बंद करावा. एवढ्या दोन सवयींनी रोजचे दोनशेहून जास्त वॅट-तास वाचतात, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

सौर पॅनल लावणार असाल तर डब्यावर लिहिलेल्या वॅटवर विसंबू नका. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे या काळात २०० वॅटचं पॅनल नीट कोनात, सावली न पडता असेल तर दिवसाला ७०० ते ८०० वॅट-तास देतं. बोटीवर ते आडवंच बसवलेलं असतं, त्यावर डोलकाठीची आणि दोरांची सावली फिरते, म्हणून ५०० धरा. पावसाळ्यात त्याचं निम्मंही हाती लागेलच असं नाही. पॅनलवरची एक पट्टी सावलीत गेली तरी अख्ख्या पॅनलचा करंट पडू शकतो. त्यामुळे एक मोठं पॅनल घेण्यापेक्षा दोन लहान पॅनल वेगवेगळ्या बाजूंना लावलेली बरी, आणि दोघांना आपापला एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारं यंत्र.

इन्व्हर्टर शक्यतो नकोच

घरचा सवयीचा उपाय म्हणजे इन्व्हर्टर लावायचा आणि लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर त्यात खुपसायचा. यात बारा व्होल्टचे आधी २३० होतात, मग चार्जर त्याचे पुन्हा २० करतो. दोन्ही वेळा दहा-पंधरा टक्के जातात. शिवाय घरगुती इन्व्हर्टर काहीही जोडलेलं नसताना नुसता जागा राहायला १० ते २० वॅट घेतो. दिवसभरात ती वीज लॅपटॉपच्या आठ तासांच्या कामापेक्षाही जास्त होते.

त्यापेक्षा युएसबी-सी पीडीचा, म्हणजे युएसबी-सी वायरवरून लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देणारा, ६५ किंवा १०० वॅटचा गाडीत लावतात तसला चार्जर घ्या. लॅपटॉप युएसबी-सीवरून चार्ज होतो का, एवढं विकत घेतानाच पाहायचं. आजच्या बोटीसाठी ही अट पहिल्या तीनांत हवी. चार्जरवर ‘१२–२४ व्होल्ट’ छापलेलं असलंच पाहिजे, कारण मोठ्या इंजिनांच्या बोटींवर पुष्कळदा २४ व्होल्टची व्यवस्था असते आणि फक्त बारासाठी बनवलेला चार्जर तिथे लावताक्षणी जळतो.

मिनी पीसीच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. त्याच्या ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून लोक तो थेट बॅटरीला जोडतात. बोटीची ‘बारा व्होल्ट’ कधीच नेमकी बारा नसते. इंजिन किंवा सौर पॅनल चार्ज करत असताना ती १४.४ पर्यंत जाते, इंजिनाला स्टार्टर मारताना नऊ-दहावर कोसळते. पहिल्या टोकाला पीसी जळू शकतो, दुसऱ्या टोकाला तो रीस्टार्ट होतो आणि डिस्कवरची फाइल अर्धवट लिहिलेली राहते. मधे ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा. आणि स्टार्टरची बॅटरी वेगळी, केबिनची वेगळी ठेवा. रात्रभर कॉम्प्युटर चालवून सकाळी इंजिन सुरू न होणं ही समुद्रात चेष्टा नाही.

चोवीस व्होल्टच्या बोटीवर आणखी एक सवय दिसते: एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी खालच्या एकीवरून बारा व्होल्टची वायर काढायची. चार दिवस चालतं. पण खालची बॅटरी जास्त रिकामी होते आणि चार्जर दोघींना मिळून एकच करंट देतो, त्यामुळे खालची कायम अर्धपोटी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन उकळते. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांच्या किमतीपुढे काहीच नाही.

वायर हा लोकांना क्षुल्लक वाटणारा भाग, पण तक्रारी तिथूनच येतात. केबिन बॅटरीपासून पाच मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर, आणि सगळं मिळून आठ अँपिअर ओढलं जातंय असं धरा. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गळतो. बॅटरीत १२.२ आहे आणि चार्जरपाशी १०.८ पोचतात, चार्जर चालू-बंद होत राहतो आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. २.५ च्या वायरमध्ये ०.६ व्होल्ट पडतो, ६ च्या वायरमध्ये पाव व्होल्ट. सहाची घ्या. समुद्रावर कल्हई केलेली, म्हणजे टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर मिळाली तर उत्तमच; साधं तांबं खाऱ्या हवेत वायरच्या आतपर्यंत हिरवंकाळं पडत जातं. जोड वायर पिळून काळी टेप गुंडाळून करायचे नाहीत. योग्य मापाची लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, दाबून बसवायची आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, कारण फ्यूजच्या आधीचा वायरचा तुकडा कुठे घासला, तर आग थांबवणारं तिथे काही नसतं.

कोणतं यंत्र

एक महाग यंत्र घेण्यापेक्षा दोन साधी यंत्रं घ्या. हे आमचं ठाम मत आहे. कामाचा लॅपटॉप वेगळा आणि नकाशाचं यंत्र वेगळं. लॅपटॉपवर चहा सांडला, अपडेट अडकलं, व्हायरस आला, तरी बोटीला वाट दाखवणारं यंत्र जागेवर असतं.

कामाच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क बोटीवर आणू नका. लाटेवर नाळ आपटली की तिचं फिरतं तबकडं आणि त्यावर केसाहून कमी अंतरावर तरंगणारं हेड यांची गाठ पडते. पंखा नसलेला लॅपटॉप मिळत असेल तर तोच घ्या. पंखा म्हणजे दिवसभर खारी हवा आत ओढणारा पंप. नवा घेणं जमत नसेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड वर्गातले लॅपटॉप बरे: तळ स्क्रूने उघडतो, बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येतात, सुटे भाग मिळतात.

नकाशासाठी मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय पुरतो. पायवर एसडी कार्डावरून सिस्टिम चालवली आणि वीज अचानक गेली की कार्ड बिघडतं. आज ना उद्या बिघडतंच. युएसबीची किंवा एनव्हीएमई एसएसडी लावा आणि तयार केलेली सिस्टिम एका जादा कार्डावर कॉपी करून कोरड्या डबीत ठेवा.

स्क्रीन सुकाणूपाशी उन्हात वाचायची असेल तर लॅपटॉपचा नाद सोडा. साध्या लॅपटॉपचा उजेड २५० ते ३०० निट (स्क्रीनच्या उजेडाचं माप) असतो, उघड्यावर हजाराच्या आसपास लागतो. पाणी सहन करणारा टॅबलेट वर आणि पीसी खाली केबिनमध्ये, ही जोडी चांगली जमते. मात्र चुंबकाने चिकटणारं टॅबलेटचं कव्हर आणि स्पीकर होकायंत्रापासून मीटरभर दूर ठेवा. नाहीतर होकायंत्र चूक दाखवत राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

खारं वारं आणि खाडीचा चिखल

समुद्राच्या मिठात नुसतं स्वयंपाकाचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. स्वयंपाकाचं मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी धरतं. मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेला ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वरच असते. अर्थ असा की सर्किट बोर्डावर एकदा खाऱ्या हवेचा थर बसला, की तो आपल्या हवेत कधीच पूर्ण सुकत नाही. तो थर विजेला वाट देतो आणि पिना खात राहतो.

ठाण्याच्या खाडीत याच्या जोडीला आणखी एक शत्रू आहे. ओहोटीला ऐरोली, वाशीच्या बाजूने चिखल उघडा पडतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांब्याला आणि चांदीला काळं करतो. खाडीकाठी एसी दुरुस्त करणाऱ्यांना काळ्या पडलेल्या तांब्याच्या नळ्या चांगल्या ठाऊक आहेत. कॉम्प्युटरचे कनेक्टर आणि वायरची टोकं त्याच कारणाने खराब होतात. महिनोन्‌महिने खाडीतच राहणाऱ्या बोटीवर हे खुल्या समुद्रातल्या बोटीपेक्षाही जास्त जाणवतं.

उपाय साधे आहेत, पण नेटाने करावे लागतात. नकाशाचा पंखा नसलेला पीसी रबरी गॅस्केटच्या डब्यात ठेवा, धातूची एक बाजू बाहेर उघडी राहील अशी, म्हणजे उष्णता निघून जाईल. आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. रिकाम्या युएसबी पोर्टांना रबरी बुचं लावा. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल आणि मीठ रोखणाऱ्या पातळ थराचा, स्प्रे मारता येतो, पण कनेक्टर आणि सॉकेट आधी टेपने झाका. नाहीतर संरक्षण करायला गेलेला थरच संपर्क तोडतो.

दवाचं गणितही लक्षात ठेवा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना २६ अंशांहून थंड कोणत्याही वस्तूवर पाणी धरतं. बेलापूरच्या एसी ऑफिसातून २३ अंशांचा लॅपटॉप बोटीवर नेऊन लगेच उघडला तर आतल्या बोर्डावरही थेंब येऊ शकतात. अर्धा-पाऊण तास तो बंद बॅगेतच राहू द्या.

उन्हाळ्यात उलट त्रास. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बंद केबिन त्याच्या पुष्कळ वर जाते. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की बॅटरी फुगते. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग असते, ती पहिल्याच दिवशी लावून टाका.

खारं पाणी सांडलंच तर यंत्र ताबडतोब बंद करा आणि चालू करून पाहू नका. तळ उघडून बॅटरीची वायर काढा. मग बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ऐकायला चुकीचं वाटतं, पण मीठ पाण्यातच चांगलं विरघळतं आणि ते बाहेर काढणं हेच मुख्य काम आहे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन दिवस वाऱ्यावर सुकवणं. तांदळात पुरून काही होत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी मात्र बोटीवर ठेवू नका, ती नंतरही पेट घेऊ शकते.

जीपीएस, एआयएस आणि नकाशा

ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पायवर चालतं. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे देहरादूनचं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. खाडीत गाळ सरकत राहतो, म्हणून स्क्रीनवरच्या खोलीचा आकडा प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या इको साउंडरशी ताडून पाहायचाच.

जुनी उपकरणं एनएमईए ०१८३ ही बोटीवरच्या उपकरणांची डेटाची भाषा बोलतात. त्यात डेटाचा वेग (बॉड) जुळला नाही तर स्क्रीन रिकामी राहते: जीपीएसचा साधारणपणे ४८००, एआयएसचा, म्हणजे जवळच्या जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेचा, ३८४००. नवी उपकरणं एनएमईए २००० च्या एकाच मुख्य केबलवर बसतात. त्या केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोधक, लागतो. काही दिसत नसेल तर वीज बंद करून सिग्नलच्या दोन वायरींमध्ये मीटर लावा: ६० ओम आले तर केबल ठीक, १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा कुठेतरी जोड सुटलाय.

स्वस्त चार्जरचा एक अवगुण उशिरा कळतो. ते रेडिओ लहरी फेकतात आणि व्हीएचएफ, म्हणजे बोटीचा बोलण्याचा रेडिओ, आणि एआयएस बहिरे होतात. व्हीएचएफ चॅनल १६ वर ठेवा, स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबणारं, बटण ती नुकती थांबेल इतकंच फिरवा आणि मग एकेक चार्जर लावत जा. ज्याने खरखर परत सुरू झाली तो बोटीवरून उतरवा.

मासेमारी बोटींसाठी सरकारने ३० ऑगस्ट २०२४ पासून देशभर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली आहे. इस्रोच्या तंत्रावर चालणारं ते यंत्र मोबाइल टॉवरच्या पलीकडेही संदेश पाठवतं आणि घेतं. तांडेलाने ते लॅपटॉपच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळं, आपल्या स्वतंत्र फ्यूजवर ठेवावं.

इंटरनेट

खाडीत टॉवर भरपूर आहेत, पण लोखंडी किंवा फायबरच्या केबिनमध्ये फोन खाली ठेवून हॉटस्पॉट चालवण्यापेक्षा बाहेरच्या अँटेनाचा बारा व्होल्टचा राउटर कितीतरी चांगला. उंची महत्त्वाची. अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर आणि किनाऱ्यावरचा टॉवर ४० मीटर उंच असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ३४ किलोमीटरच्या पलीकडे सिग्नल मिळण्याची आशाच नको; प्रत्यक्षात तो त्याच्या बराच अलीकडे तुटतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. लांब केबलमध्ये सिग्नल जिरतो, म्हणून राउटरच अँटेनाजवळ पाणीबंद डब्यात बसवा आणि खाली फक्त नेटवर्कची वायर आणा.

परदेशातून थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन आणायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन भारतात बाळगणं गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर त्यासाठी अटक होऊ शकते.

बसवणं आणि चाचणी

उधाणाला खाडीचं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. काठाजवळ बांधलेली बोट ओहोटीला चिखलात बसते आणि एका अंगावर कलते, तेही दिवसातून दोनदा. म्हणजे भर समुद्रात न जाताही टेबलावरचं सगळं घसरणार. मॉनिटर भिंतीला व्हीईएसए पट्टीने (मॉनिटरच्या मागच्या चार स्क्रूंवर बसते ती), लॅपटॉप कडा उचललेल्या फळीवर रबरी चटई घालून, आणि प्रत्येक वायरला प्लगपाशी एक वेटोळं, म्हणजे झटका सॉकेटवर येत नाही आणि वायरवरून ओघळलेलं पाणी वेटोळ्यातून खाली टपकतं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर ओढली की डब्यातलं यंत्रसुद्धा घरी न्या. बंद केबिनमधला पावसाळा त्याला सोसत नाही.

बाहेर पडण्याआधी जेट्टीलाच एक चोवीस तास असे काढा: किनाऱ्याची वीज काढलेली, इंजिन बंद, पॅनल झाकलेलं आणि कॉम्प्युटर, राउटर, दिवे रोजच्यासारखे चालू. दुसऱ्या दिवशी सगळं बंद करून तासाभराने मीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली असेल तर ती निम्म्याखाली गेलेली आहे. एक तर बॅटरी वाढवा, नाहीतर रात्री चालू राहणारं काहीतरी कमी करा. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ संपेपर्यंत १३ च्या आसपासच राहतो, त्यावरून काही कळत नाही. तिच्या निगेटिव्हवर शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी, असलेला बॅटरी मॉनिटर बसवा आणि गेलेले अँपिअर-तास त्यावर वाचा.